ओळखपत्र कुणी दाखवायचं, तोतयाने की मी?

संपादक महोदय,

कालचा अग्रलेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं आपल्याच चष्म्याचा नंबर वाढला असावा. सोशल मीडियावरच्या प्रत्येक अकाउंटला सरकारी ओळखपत्र जोडा की खोटी नावं आणि शिवीगाळ बंद, इतकं सोपं असतं तर काय हवं होतं हो. लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी खोट्या अकाउंटची तक्रार केलीय का, एवढंच विचारायचंय.

मी केलीय. मागच्या वर्षी रात्री साडेदहाला वहिनींचा फोन, "भावोजी, बरे आहात ना? कुठल्या हॉस्पिटलात आहात?" मी घरी टीव्ही बघत होतो. माझा निरोप समारंभातला हार घातलेला फोटो उचलून कुणीतरी माझ्याच नावाने अकाउंट काढलेलं आणि सगळ्या ओळखीच्यांना 'अर्जंट आहे, सकाळी परत करतो' चालू. वहिनी वाचल्या त्या 'हॅलो वहिनी जी'मुळे, मी जन्मात त्यांना 'जी' लावलेलं नाही. ऑफिसातला एक जुना सहकारी मात्र पैसे पाठवून बसला, आणि अजून तो समोर आला की मलाच ओशाळल्यासारखं होतं, जसे काही मीच घेतले.

तक्रार केली तर उत्तर, हे अकाउंट आमच्या नियमांचं उल्लंघन करत नाही. परत केली तर म्हणे तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा. आधारचा फोटो पाठवा, मान डावीकडे करा, उजवीकडे करा, उजेडात या. सगळं केलं. तिसऱ्या दिवशी माझंच अकाउंट बंद! तोतया पुढे आठवडाभर सुखात नांदत होता. पेशवाईत भाऊसाहेबांच्या तोतयाची निदान चौकशी तरी झाली होती, इथे तर चौकशी माझीच.

सोशल मीडिया कंपन्यांसाठीच्या 2021 च्या आयटी नियमांत तोतयेगिरीच्या तक्रारीवर 24 तासांत कारवाई करा असं लिहिलं होतं, तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर टाका असंही होतं. नाव असतं, नाही कोण म्हणतंय, पण मेल केला की 'कृपया या मेलला उत्तर देऊ नये'.

आणि ओळखपत्राचा प्रयोग झालेला आहे. दक्षिण कोरियाने 2007 मध्ये मोठ्या साइटवर लिहायला खरी ओळख सक्तीची केली. 2011 मध्ये तिथल्या एका बड्या कंपनीतून 3.5 कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आणि 2012 मध्ये त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. अग्रलेखात याची एक ओळ नाही.

तुमच्याच पेपरात खाली बारीक टायपात मुद्रक-प्रकाशकाचं नाव असतं बघा, 1867 च्या कायद्यापासूनची रीत ती. पेपर घेताना माझं आधार कुणी मागत नाही, पण काही चुकलं तर कुणाला धरायचं ते ठाऊक असतं. कंपन्यांना तसं धरा की. वाचकाच्या गळ्यात पट्टा कशाला?

जाता जाता, रविवारी पहिल्या पानावरच्या फोटोखाली 'छायाचित्र : सोशल मीडिया' छापलंत. हे गृहस्थ कोण? हल्ली तुमच्याकडे निम्मे फोटो तेच काढतात, त्यांचं ओळखपत्र बघितलंत का कधी?

मागच्या पत्राखाली माझं आडनाव चुकलं होतं, त्याबद्दल फोन केला तर 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. या वेळी नाव छापूच नका, फोटो तर नकोच. वहिनींचा परत फोन यायचा.

– एक वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)