थोरल्यांच्या हातचा कंदील

फोंडा, गोवा
आश्विन वद्य प्रतिपदा

प्रिय बाय,

तुझं पत्र ऐन कोजागरीला मिळालं. सासूबाई आणि सोसायटीतल्या त्यांच्या वयाच्या पाचसहा जणींना घेऊन दिवाळीआधी कागदाची सजावट करायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून फार आनंद झाला. इथे देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेत, आमची म्हातारी मंडळी दुपारी जमतात, त्यांच्यासोबत बसून जे कळलं ते सगळं लिहिते. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

बालवाडीतलं काम त्यांच्यापुढे ठेवू नकोस, हे मला सगळ्यांत कळकळीनं सांगायचं आहे. छापील चित्रात रंग भरा, टिकल्या चिकटवा, की मग टाळ्या. ज्या आजोबांनी जन्मभर चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, बांधली, ज्या आजीनं अबोलीचे वळेसर गुंफले, त्यांना ते लागतं गं. बोलून दाखवत नाहीत, ‘डोळे चुरचुरतात’ म्हणून उठून जातात. काम खरं असावं आणि झाल्यावर खऱ्या दारावर लागावं. हात थकले असतील तर अवजार बदल, बसायची जागा बदल. काम मात्र पोरकट करू नकोस.

इंटरनेटवर शरदाची कागदी सजावट शोधलीस तर मेपलची लाल पानं आणि भोपळे दिसतील. ती थंड देशांतली पानगळ, सुंदरच आहे. आपल्याकडे या दिवसांत झाडं हिरवीगार असतात आणि सोनेरी होतं ते भात. म्हणून आम्ही आपट्याची पानं, झेंडू आणि भाताची कणसं केली. आपट्याचं पान सगळ्यांत सोपं. सोनेरी कार्डशीट दुमडायचं, घडीच्या कडेला अर्धं पान काढून कापायचं, उलगडलं की दोन्ही पाळी सारख्या. दसऱ्याला आम्ही हीच पानं वाटली. झाड ओरबाडायची गरज पडली नाही, याचं म्हाताऱ्यांना आमच्याहून अधिक समाधान वाटलं.

रंगांचं एक ध्यानात ठेव. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, त्यामुळे निळा, हिरवा आणि जांभळा यांतला फरक पुसट होत जातो. केशरी, लाल, पिवळा मात्र चांगले कळतात, म्हणजे शरदाचेच रंग कामाला येतात. कागद पांढऱ्या चादरीवर पसरू नकोस, गडद कापड अंथर, म्हणजे कडा दिसतात. आणि उजेड भरपूर हवा. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या साधारण तिसरा हिस्साच उजेड पोचतो. खिडकी पाठीमागून किंवा बाजूनं येईल अशी बसायची सोय कर, समोरून तिरीप आली की त्रास होतो. वेळ दुपारची ठेव. सांधे दुखणाऱ्यांची बोटं सकाळी आखडलेली असतात, उन्हं कलेपर्यंत सैल होतात.

झेंडूसाठी क्रेप कागद घे. साधारण 5 सेंटिमीटर रुंद आणि हातभर लांब पट्टी, तिची चौपदरी घडी, आणि दोन तृतीयांश उंचीपर्यंत बारीक चिरा. चिरा कागदाच्या सुरकुत्यांच्या दिशेनंच द्यायच्या, मग पाकळी ताठ राहते, मान टाकत नाही. उलगडून पट्टी चुण्या घालत गुंडाळायची आणि बुडाशी दोरा आवळायचा. आमच्याकडच्या एका आजींनी डिंकाची बाटली बाजूला सारली आणि घरून केळीच्या सोपाचा दोर भिजवून आणला. त्या दोरानं त्यांनी कागदाचे झेंडू असे गुंफले, जसे अबोलीचे वळेसर. शेजारच्या दोघींनी त्यांच्याकडून शिकून घेतलं. तेव्हापासून झेंडूच्या बाबतीत मी काही सांगत नाही, त्या सांगतात.

आता कंदील. हा मात्र नीट समजून घे, कारण यात सगळ्यांना वाटा मिळतो. आम्ही चौदा तोंडांचा करतो, 6 चौकोन आणि 8 त्रिकोण. बाजारातल्या बांबूच्या कामट्या मी मुद्दाम टाळते. म्हातारपणी कातडी पातळ होते, कुसळ लागलं तर पटकन फाटते, आणि कितीतरी जण रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेत असतात. त्याऐवजी वर्तमानपत्राचा कागद तिरका गुंडाळून घट्ट नळ्या करायच्या आणि सगळ्या 20 सेंटिमीटरवर कापायच्या. अशा 24 लागतात. चार नळ्यांचा एक चौकोन, असे सहा चौकोन बांधायचे. मग चौकोनाला चौकोन फक्त कोपऱ्यात जोडायचा, एकूण 12 जागी. मधले आठ त्रिकोण आपोआप तयार होतात! पहिल्यांदा ते उभं राहिलं तेव्हा गणिताचे निवृत्त शिक्षक असलेले आमचे एक काका उठून उभे राहिले आणि सगळ्यांना समजावून सांगायला लागले. एक चौकोन वर, एक खाली, बाजूचे चार टोकावर उभे. खालचा उघडा ठेवायचा, दिवा सोडायला. दिवा एलईडीचाच घे, तो तापत नाही.

बाकीच्या तेरा तोंडांना पतंगाचा कागद, सगळ्या बाजूंनी बोटभर मोठा कापून. कात्री जड जात असेल त्यांनी कापूच नये. लोखंडी पट्टी दाबून कागद फाडायचा. कागदाला धाग्यासारखी एक दिशा असते, त्या दिशेनं तो सरळ फाटतो, आडवा फाडला की वाकडा जातो. आधी कोपऱ्यावर फाडून बघायला सांग, ते बोटांनाच कळतं. कात्री हवीच असेल तर स्प्रिंगची मिळते, दाब सोडला की आपणहून उघडते.

एक आजोबा आहेत, अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात चालत नाही, बोलणंही कमी झालंय. त्यांच्यापुढे कागद चिकटपट्टीनं टेबलावर बसवून देतो, खाली ओलं फडकं, म्हणजे काही सरकत नाही. ते डाव्या हातानं वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडतात. तरुणपणी ते वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, नरकासुराच्या पुतळ्यांचे मुखवटे करायचे, हे मला त्यांच्या मुलीकडून कळलं. मग कंदील बाजूला ठेवून त्यांच्यासाठी मुखवट्याचं काम काढलं. उपड्या वाडग्याला तेलाचा हात, त्यावर खळीत बुडवलेल्या पट्ट्यांचे थर, एक थर उभा, एक आडवा. मिशा कुठे चढवायच्या ते त्यांनी बोटानं दाखवलं, आम्ही चुकीच्या जागी लावायला गेलो की मान हलवायचे. आता नरक चतुर्दशीच्या पहाटे वाड्यावरची मुलं नरकासुर जाळतील, पण हा जाळायचा नाही असं त्यांच्या नातवानं बजावलंय. हल्लीचे मोठमोठे नरकासुर आणि ते कानठळ्या बसवणारं संगीत मला आवडत नाही. हा वीतभर मुखवटा मात्र मला फार आवडला.

खळ मैद्याची घरीच कर, एक वाटी मैद्याला पाचसहा वाट्या पाणी, मंद आंचेवर सतत ढवळून. जुन्या पद्धतीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ते घालू नकोस. ते विषारी आहे, आणि विसराळूपणाचा आजार असलेलं कुणी बोट तोंडात घालू शकतं. त्याच कारणानं टाचण्या आणि चमकीही नको. पाऊस पुरता गेलेला नसेल तर हवा दमट असते, खळ वाळत नाही, रात्रभर पंख्याखाली ठेव. काम करताना मात्र पंखा बंद, नाहीतर पतंगाचा कागद हाती लागणार नाही!

आमच्या शेजारच्या ख्रिस्ती आंटीही येतात. कंदिलाच्या नळ्या बघून त्यांनी नाताळच्या नक्षत्राची गोष्ट काढली, पाच टोकांची चांदणी, कागद हाच. त्यामुळे दिवाळी झाली तरी आमचं काम थांबणार नाही. त्याआधी त्रिपुरारी पौर्णिमा आहेच. साखळी गावाजवळ विठ्ठलापुरात वाळवंटी नदीत त्या रात्री नौका सोडतात, तिथे आपलीही एक असावी असा दोघा आजोबांचा हट्ट आहे. थर्माकोल नाही, नुसता कागद आणि केळीचा गाभा, एवढी अट मी घातली आहे.

तू सुरुवात झेंडूनं कर, कंदील दुसऱ्या आठवड्यात घे. आणि परतीच्या पत्रात मला दोन गोष्टी कळव. सासूबाईंच्या कुठल्या हाताचे सांधे जास्त दुखतात, आणि माहेरी असताना त्या हातानं काय काय करायच्या? शिवण, विणकाम, पत्रावळी, काहीही. त्यावरून त्यांना कंदिलातलं कुठलं काम द्यायचं ते ठरवू. नळ्यांचं माप आणि पतंगाच्या कागदाचे चार रंग मी उद्याच्या टपालात घालते.

तुझीच,
फोंड्याची बाय