शिलाई शिकवली, पण ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

संपादक साहेब, नमस्कार.

विधवा, एकट्या, घरातून बाहेर पडावं लागलेल्या बायकांसाठी शिलाई, पार्लर, कॉम्प्युटरचे वर्ग होतात आणि शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट हातात घेऊन रांगेत फोटो निघतो, तो तुमच्याही पेपरात येतो. मी अशा एका वर्गात काही महिने मोबाईल शिकवायला जायचे, म्हणून त्या फोटोच्या पुढचं थोडं लिहिते.

एक ताई होत्या, धुणीभांडी करून दोन मुलं वाढवणाऱ्या. शिलाईत हात असा बसला की बाहीचा मुंडा जोडावा तर त्यांनीच. मग पैसे मोबाईलवर घेता यावेत म्हणून आम्ही खातं जोडायला बसलो तर बोटाचा ठसाच उठेना, वर्षानुवर्षं साबणाच्या पाण्यात हात, रेषा पार झिजलेल्या. पदराला बोट पुसून पुसून पाच-सहा वेळा लावलं. शेवटी ओटीपी मागवला तर नंबर दिराच्या नावावर, फोन त्याच्या खिशात आणि तो कामावर. ‘जाऊ द्या मॅडम, संध्याकाळी विचारते त्याला,’ म्हणाल्या. म्हणजे कमाई हिची आणि पैसे आले का हे दिराला विचारायचं! माझं तर म्हणणं आहे की सुई हातात देण्याआधी सिम आणि खातं बाईच्या स्वतःच्या नावावर करून द्या, तो पहिला धडा समजा.

शिकायची कुवत नसते असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. राजस्थानात तिलोनियाला १९७२ पासून बेअरफूट कॉलेज आहे, तिथं अक्षरओळख नसलेल्या आज्या सोलर दिव्यांचं सर्किट जोडायला शिकल्या, परदेशातून आलेल्यासुद्धा, एकमेकींची भाषा येत नाही तरी रंगांच्या खुणा आणि हातवारे यांच्यावर. आपल्याकडं मात्र इंग्रजी मेनूचा मोबाईल पुढं ठेवतात आणि बाईला जमत नाही म्हणून मोकळे होतात.

दुसरं म्हणजे एकच बटण शिकवून भागत नाही. बांगलादेशात १९९७ पासून गावातल्या बायकांनी ग्रामीण बँकेचं कर्ज काढून मोबाईल घेतले, लोक पैसे देऊन त्यांच्याकडून कॉल करायचे, कमाई चांगली व्हायची. पुढं घरोघरी मोबाईल आले आणि तो धंदा बसला. आज एखादं ॲप पाठ करून घेतलं तर त्याचंही तेच होणार. त्यापेक्षा भाव काढायला शिकवा. आमच्या वर्गात मी विचारलं, एक फ्रॉक शिवायला खर्च किती, तर सगळ्यांनी कापड, दोरा, बटणं धरली, स्वतःचे चार तास एकीनंही धरले नाहीत. त्या तासाला मला जरा गप्पच व्हायला झालं.

आणि फसवणूक. पहिली ऑर्डर आली म्हणून हरखून गेलेल्या बाईला समोरचा सांगतो, पैसे पाठवतोय, पिन टाका, आणि खात्यातलं होतं ते पण जातं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो, एवढं एक वाक्य रोज म्हणून घ्या. एकदा फसलेली बाई परत त्या फोनला हात लावत नाही, मग आपलं सगळं शिकवणं पाण्यात.

वर्गाची वेळ ठरवताना लहान पोराला कुठं ठेवणार हे कोणी विचारत नाही, हा तर वेगळ्या पत्राचा विषय आहे. आत्ता एवढंच, असे वर्ग घेणाऱ्यांनी किती जणींना सर्टिफिकेट दिलं हा आकडा जरा बाजूला ठेवावा आणि सहा महिन्यांनी प्रत्येकीला एक फोन करावा, मशीन चालू आहे का कपाटावर गेलं, आणि तो फोन ती स्वतः उचलते का घरातलं दुसरं कोणी, तेही लिहून ठेवावं.

आपली,
एक वाचक