क्रूझची सहल आणि बॅगेचा मार्ग

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय : विमान बदलत क्रूझला जाणाऱ्या प्रवाशांच्या सामानाबाबत

महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या दैनिकात परदेश सहलींच्या जाहिराती पानभर येऊ लागतात आणि अलीकडे त्यांत क्रूझच्या सहलींचा भरणा वाढलेला दिसतो. बार्सिलोना, रोम, सिंगापूर किंवा मायामी येथून निघणाऱ्या जहाजांवर आठवडाभर राहून आलेली कुटुंबे आता सोलापुरातही भेटतात. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, स्वेच्छानिवृत्ती घेतलेले बँक कर्मचारी आहेत आणि टॉवेल-चादरींचे कारखानदारही आहेत. जहाजावरचा जलतरण तलाव, जैन भोजनाची सोय, रात्रीचे करमणुकीचे कार्यक्रम यांचे वर्णन जाहिरातीत भरपूर असते. परंतु सोलापुरातील घरापासून जहाजाच्या दारापर्यंत आपले सामान कोणत्या मार्गाने, कोणाच्या जबाबदारीवर आणि किती ठिकाणी उतरवून-चढवून जाणार आहे, याविषयी एक ओळही नसते. सामान हरवले की आपण नशिबाला बोल लावतो. माझ्या मते त्यातला बराचसा भाग तिकीट काढले जाते त्याच दिवशी ठरलेला असतो.

एरवीच्या प्रवासात बॅग एक-दोन दिवस उशिरा आली, तर विमान कंपनी ती हॉटेलवर आणून देते आणि प्रकरण मिटते. क्रूझच्या बाबतीत तसे होत नाही. जहाज ठरलेल्या वेळी बंदर सोडते, चेक-इन त्याच्याही बऱ्याच आधी बंद होते आणि एका प्रवाशाच्या बॅगेसाठी जहाज थांबवले जात नाही. दुसऱ्या दिवशी ते मार्सेलला असते, तिसऱ्या दिवशी जिनोआला, त्यानंतर नेपल्सला. आमच्या परिचयातील एका ज्येष्ठ दांपत्याची बॅग याच पद्धतीने बंदरामागून बंदर चुकत राहिली. ती पोहोचेपर्यंत जहाज निघालेले असे. सहलीचे सारे दिवस त्यांनी जहाजावरच्या दुकानातून महागडे कपडे विकत घेऊन काढले, आणि काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच बॅगेत असल्यामुळे जहाजावरील डॉक्टरांची फी भरावी लागली ती वेगळीच.

बॅगा सर्वाधिक चुकतात त्या विमान बदलण्याच्या ठिकाणी. यंत्रमागावर धागा तुटतो तो बहुधा गाठीपाशी, तसेच हे आहे. आपण एका विमानातून उतरून दुसऱ्या विमानाच्या दारापर्यंत धावत जाऊ शकतो. बॅगेला मात्र पहिल्या विमानाच्या पोटातून खाली यावे लागते, गाडीवरून वर्गीकरणाच्या पट्ट्यापर्यंत जावे लागते, बहुतेक ठिकाणी पुन्हा एक्स-रे तपासणीतून पार व्हावे लागते आणि मग दुसऱ्या विमानात चढावे लागते. पहिले विमान पाऊण तास उशिरा आले आणि मधला वेळ सव्वा तासाचाच असला, तर प्रवासी पोहोचतो आणि बॅग मागे राहते. नियमानुसार पुरेसा मानलेला किमान वेळ हा सगळे वेळेवर चालले तर पुरणारा वेळ असतो, एवढे लक्षात ठेवावे. क्रूझपूर्वीच्या प्रवासात विमान बदलताना मध्ये तीन-चार तास असावेत. विमानतळावर कंटाळा येईल, पण तो परवडतो. आखाती देशांतील विमानतळावर एकदाच विमान बदलून थेट बार्सिलोनाला पोहोचवणारे तिकीट काही हजारांनी महाग असले, तरी दोनदा विमान बदलायला लावणाऱ्या स्वस्त तिकिटापेक्षा तेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोलापूरकरांच्या दृष्टीने खरा प्रश्न पहिल्याच टप्प्याचा आहे. २०२५ मध्ये होटगी रस्त्यावरील विमानतळावरून प्रवासी विमानसेवा पुन्हा सुरू झाली, ही सर्वांच्या आनंदाची गोष्ट आहे आणि तिच्यासाठी या शहराने फार वाट पाहिली. परंतु सोलापूर-मुंबईचे तिकीट एका कंपनीचे आणि मुंबईपासून पुढचे दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन स्वतंत्र तिकिटे, म्हणजे दोन वेगळे पीएनआर असतील, तर सोलापूरला दिलेली बॅग मुंबईत बेल्टवरून स्वतः उचलावी लागते, गरज पडल्यास टर्मिनल बदलावे लागते आणि पुन्हा रांगेत उभे राहून नव्याने चेक-इन करावे लागते. बॅग थेट पुढे पाठवण्यासाठी त्या दोन कंपन्यांमध्ये तसा करार असावा लागतो, आणि तो असेलच असे गृहीत धरता येत नाही. पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकले, तर दुसरी कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. वजनाचा हिशेबही वेगळा पडतो : देशांतर्गत तिकिटावर सामान्यतः १५ किलो सामान मिळते, तर आंतरराष्ट्रीय तिकिटावर २३ किंवा ३० किलो. जहाजावरच्या जेवणाच्या धास्तीने शेंगाचटणी आणि कडक भाकरीच्या पाकिटांनी बॅग गच्च भरणाऱ्यांना हा फरक होटगी रस्त्यावरच कळतो. (बहुतेक क्रूझ कंपन्या घरी केलेले खाद्यपदार्थ जहाजावर आणू देत नाहीत, हेही त्यांनी लक्षात घ्यावे.)

दोन स्वतंत्र तिकिटेच काढावी लागणार असतील, तर मुंबईला आदल्या दिवशी वंदे भारतने जावे किंवा रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरावी आणि बॅगेचा विमानप्रवास मुंबईहूनच सुरू करावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. निदान तोपर्यंत बॅग आपल्या डोळ्यांसमोर असते.

चेक-इनच्या वेळी बॅगेला जो कागदी टॅग लावतात, त्यावर विमानतळाची तीन अक्षरी खूण छापलेली असते. रोमच्या फ्युमिचिनोसाठी एफसीओ, बार्सिलोनासाठी बीसीएन, सिंगापूरसाठी एसआयएन. आपल्या अंतिम विमानतळाची खूण टॅगवर आहे की मधल्याच विमानतळाची, हे काउंटरवरून हलण्यापूर्वी वाचून घ्यावे आणि शंका असल्यास न लाजता विचारावे. मागे रांग असली तरी या एका प्रश्नाला अर्धा मिनिट लागतो. जुन्या प्रवासाचे टॅग आणि बारकोडचे छोटे चिकटपट्टीचे तुकडे बॅगेवरून आधीच काढून टाकावेत, कारण वर्गीकरणाचे यंत्र चुकीचा बारकोड वाचू शकते. आपल्या पावतीवर टॅगचा दहा अंकी क्रमांक असतो. त्याचे आणि बॅगेचे छायाचित्र मोबाइलमध्ये असू द्यावे. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या ठराव क्रमांक ७५३ प्रमाणे, जून २०१८ पासून सदस्य कंपन्यांनी बॅगेची नोंद चार टप्प्यांवर ठेवणे अपेक्षित आहे : प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, मधल्या ठिकाणी हस्तांतर करताना आणि शेवटी प्रवाशाला देताना. त्यामुळे आपली बॅग विमानात चढली की नाही, याची माहिती मागणे हा काही आगाऊपणा नव्हे.

अमेरिकेतून निघणाऱ्या क्रूझला जाणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी ध्यानात ठेवावी. टॅग मायामीपर्यंतचा असला तरी, अमेरिकेत ज्या विमानतळावर प्रथम उतरावे लागते, समजा न्यूयॉर्क, तेथे सामान स्वतः उचलून कस्टम पार करून पुन्हा जमा करावे लागते. टॅगवर विसंबून तसेच पुढे निघून गेले, तर बॅग न्यूयॉर्कलाच राहते. युरोपात फ्रँकफर्टला विमान बदलून बार्सिलोनाला जाताना, एकाच तिकिटावर असल्यास, असे करावे लागत नाही. पासपोर्टची तपासणी फ्रँकफर्टला होते आणि बॅग थेट बार्सिलोनाला जाते.

यापेक्षाही मोठा उपाय म्हणजे जहाज निघण्याच्या किमान एक दिवस आधी त्या शहरात पोहोचणे, आणि विमान दोनदा बदलायचे असेल तर दोन दिवस आधी. उशिरा आलेल्या पुष्कळशा बॅगा पुढच्या एक-दोन दिवसांत येऊन पोहोचतात, आणि तेवढाच अवधी आपल्या हाताशी असायला हवा. सकाळी विमानतळावर उतरवून दुपारी जहाजावर चढवणारे सहलीचे वेळापत्रक हॉटेलचा एका रात्रीचा खर्च वाचवते; कोणाचा वाचवते, ते ज्याने त्याने ठरवावे. रोमची क्रूझ म्हणून जी विकली जाते, ती प्रत्यक्षात रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या चिवितावेक्किया बंदरातून निघते, हेही अशा वेळापत्रकात पुष्कळदा सांगितलेले नसते.

हातातल्या छोट्या बॅगेत काय असावे, याबद्दल बरेच लिहिले जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. सहलीच्या सर्व दिवसांची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, दोन दिवसांचे कपडे, चार्जर आणि कागदपत्रे एवढे तरी जवळ हवे. पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवण्यास बंदीच आहे; इन्सुलिनही तेथे ठेवू नये, कारण ते गोठण्याची भीती असते. पतिपत्नींनी दोन बॅगांत कपडे अर्धे-अर्धे वाटून भरावेत, म्हणजे एक बॅग राहिली तरी दोघांचेही निभावते. बंदरावर पोहोचल्यानंतर मोठ्या बॅगा हमालांकडे द्याव्या लागतात आणि त्या खोलीत यायला कधीकधी संध्याकाळ होते, तेव्हा पासपोर्ट त्यात टाकून मोकळे होऊ नये. खोलीच्या क्रमांकाचा जहाजाचा टॅगही विमानप्रवास संपल्यावरच लावावा. आधी लावलेला टॅग विमानतळांवरच्या पट्ट्यांवर फाटून जातो.

गटाने जाणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. वेळ वाचावा म्हणून सर्वांच्या बॅगा एकत्र जमा केल्या जातात आणि टॅगच्या सगळ्या पावत्या एखाद-दुसऱ्या प्रवाशाच्या किंवा टूर लीडरच्या बोर्डिंग पासवर चिकटवल्या जातात. मग बॅग चुकली की ती कोणाच्या नावावर होती, येथूनच शोध सुरू होतो. प्रत्येकाने आपल्या बॅगेचा टॅग आपल्याच नावावर घ्यावा. सहल कंपनी सर्वांना एकाच रंगाच्या, एकाच छापाच्या बॅगा भेट देते, हा प्रकारही मला अनाकलनीय वाटतो. बेल्टवर तीस सारख्या बॅगा फिरू लागल्या की दुसऱ्याची बॅग उचलणारा कोणी ना कोणी निघतोच. बॅगेच्या आत नाव, मोबाइल क्रमांक आणि जहाजाचे नाव-तारीख लिहिलेला कागद ठेवावा, आणि बाहेर आपली अशी ठळक खूण करावी; पट्ट्यात अडकेल अशी लोंबती चिंधी मात्र नको.

एवढे करूनही बॅग आली नाही, तर विमानतळ सोडण्यापूर्वी तेथील सामान कक्षात लेखी नोंद करून तिचा क्रमांक घ्यावा. या नोंदीला पीआयआर म्हणतात आणि पुढचा सर्व पत्रव्यवहार त्याच क्रमांकावर चालतो. ‘आता बंदरावर जायला उशीर होतो आहे, जहाजावरून फोन करू’ असे टूर लीडर म्हणाला तरी ऐकू नये. पत्ता म्हणून केवळ जहाजाचे नाव देऊन भागत नाही. खोलीचा क्रमांक, तारखांसह सर्व बंदरांची यादी आणि जहाज कंपनीच्या बंदरावरील एजंटाचा संपर्क द्यावा, आणि जहाजावर गेल्यावर तेथील स्वागत कक्षालाही नोंदीचा क्रमांक कळवावा. उद्या सकाळीच लागणाऱ्या बंदराऐवजी दोन-तीन दिवसांनंतरचे बंदर सुचवणे अनेकदा अधिक उपयोगी पडते, कारण बॅगेला तेथे आधी पोहोचायला वेळ मिळतो.

कायद्याची बाजू प्रवाशांना फारशी ठाऊक नसते. १९९९ च्या माँट्रियल कराराचा भारत २००९ पासून पक्ष आहे. त्यानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान हरवणे, खराब होणे किंवा उशिरा मिळणे यांसाठी विमान कंपनीची जबाबदारी प्रत्येक प्रवाशामागे १५१९ एसडीआरपर्यंत (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) आहे; ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून लागू असून विनिमय दराप्रमाणे ती पावणेदोन ते दोन लाख रुपयांच्या आसपास जाते. ही कमाल रक्कम आहे. प्रत्यक्ष नुकसान दाखवावे लागते, म्हणून जहाजावर घेतलेल्या प्रत्येक वस्तूची पावती जपून ठेवावी. खराब झालेल्या बॅगेची लेखी तक्रार ती मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची २१ दिवसांत करावी लागते. २१ दिवसांत बॅग आलीच नाही, तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. एकाच प्रवासात दोन-तीन कंपन्यांची विमाने असतील, तर त्या एकमेकींकडे बोट दाखवतात हा नेहमीचा अनुभव आहे. पण सामानाच्या बाबतीत पहिली कंपनी, शेवटची कंपनी आणि ज्या टप्प्यात प्रकार घडला ती कंपनी, यांपैकी कोणाकडेही दाद मागण्याचा हक्क या करारात आहे. दोन स्वतंत्र तिकिटांच्या बाबतीत हा आधार डळमळीत होतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे सोलापूरच्या प्रवाशाला त्यासाठी मुंबईच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत.

या पार्श्वभूमीवर शहरातील ट्रॅव्हल एजंट आणि सहल कंपन्यांना माझी विनंती आहे, की क्रूझच्या सहलीचे दरपत्रक देतानाच सर्व विमाने एकाच तिकिटावर आहेत काय, बॅग कोठपर्यंत थेट जाणार आहे, विमान बदलताना मध्ये किती तास आहेत आणि जहाज निघण्यापूर्वी किती तास आधी गट त्या शहरात पोहोचणार आहे, हे त्यांनी लेखी द्यावे. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी वाचकांनीही या कागदाचा आग्रह धरावा, आणि तो देण्यास टाळाटाळ करणाऱ्या कार्यालयातून पैसे न भरता बाहेर पडावे.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ वाचक,
सोलापूर