विहिरीवरचा तुकडा विकू नका

घणसोली, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा पहाटे चारला मार्केटात आपल्याकडचा टोमॅटोचा टेम्पो खाली होत होता. ड्रायव्हर सहज बोलून गेला, "तुझ्या बहिणीच्या कॉलेजच्या डोनेशनसाठी बाबांनी विहिरीवरचा तुकडा विकायला काढलाय म्हणे." बाबा, एक फोन तरी करायचात.

प्राजूला बी.एस्सी. ॲग्रीला मॅनेजमेंटची सीट 'पक्की' करून देणारा तो माणूस एक गोष्ट सांगत नाही. जुलै २०२४ चा जीआर आहे. ओबीसी मुलीच्या घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं, तर शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा. मात्र सीट कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, मिळालेली हवी. मॅनेजमेंट कोट्याला माफी नाही. म्हणजे डोनेशनही द्यायचं आणि माफ होणारी फीही भरायची! शिवाय या प्रवेशात सातबाऱ्याचे जादा गुण मिळतात. ज्या जमिनीचे गुण पोरीला मिळणार, तीच विकून सीट घ्यायची?

खर्च नाही असं म्हणत नाही मी. होस्टेल, मेस, सहली, शेवटच्या वर्षी 'रावे'साठी, म्हणजे गावातल्या शेतीच्या कार्यानुभवासाठी, खेड्यात राहणं, ४ वर्षं हे चालणार. अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुख योजनेतून वसतिगृहाचा भत्ता आहे, तो अर्ज करूच. पण त्याच्या भरवशावर मेस चालत नाही. माझी शिष्यवृत्ती आठवते ना? निकाल लागून मी इथं कामाला लागलो, तेव्हा खात्यात आली.

म्हणून मेसचं मी भरतो. लॅपटॉप वगैरे लागलं तर शैक्षणिक कर्ज काढू. साडेसात लाखांपर्यंत बँकेला तारण लागत नाही आणि हप्ता कोर्स संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं, ते दरमहा मी भरत जाईन.

आई, तू एवढंच कर. दाखल्यांसाठी बाबांना उद्याच तहसीलला पाठव. उत्पन्नाचा आणि नॉन-क्रिमीलेयर. जात पडताळणीचा कागद पत्र्याच्या पेटीत आहे, माझ्या मार्कशीटखाली. प्राजूला राहुरी मिळो की दापोली, पसंतीक्रम भरताना मला व्हिडिओ कॉल करायला सांग. नेट कॅफेवाल्याच्या मनानं भरू नका.

आणि बाबा, तुकड्याचा इसार घेतला असलात तर परत करून टाका. त्यातले खर्च झाले असतील तेवढे कळवा, शुक्रवारी पाठवतो.

तुमचा,
बाळू