वास घेईन, खाणार नाही

सांगली
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय मंदार,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. सहा मिनिटं आपल्या ‘RWBY’ या अॅनिमेशन मालिकेतल्या ऑस्करबद्दल आणि शेवटचं दीड मिनिट तुझ्या बाळाबद्दल. घरात सगळे म्हणतायत की तुझी गेलेली आईच परत आली. कपाळ तेच, झोपेत ओठ मुडपायची सवय तीच. तुझ्या आत्या तर तिला ‘वहिनी’ म्हणूनच हाक मारतात, आणि नावही काकूंचंच ठेवायचं घाटतंय. तू म्हणालास, "बरंही वाटतं आणि पोटात गोळाही येतो." मग नुसताच श्वास ऐकू आला आणि मेसेज संपला. मला वाटतं, सहा मिनिटं आणि दीड मिनिट मिळून तू एकच प्रश्न विचारत होतास. त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतलाय.

आधी ऑस्कर.

तुझं म्हणणं असं, की ऑस्कर संपणार. मेलेला हेडमास्तर ऑझपिन त्याच्या डोक्यात येऊन बसलाय, त्याची काठी याच्या हातात आलीय, लढायचं कसब आपोआप अंगात उतरतंय, आठवणी एकमेकांत मिसळायला लागल्यात. मालिका पुढे आली तर शेतावरचा हा चौदा वर्षांचा पोरगा एक दिवस नाहीसा होईल आणि ऑझपिनच्याही आधीपासून जन्मामागून जन्म घेत आलेला हजारो वर्षांचा ओझ्मा तेवढा उरेल. तुझे पुरावे सगळे बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. का, ते सांगतो.

हॉस्टेलवरची ती जर्नल आठवते? मागच्या पानांवर आपण मालिकेतलं कोण जुन्या गोष्टींतल्या कुणाचा अवतार ते लिहून ठेवलं होतं. रूबी म्हणजे लाल टोपीवाली, वाइस म्हणजे हिमगौरी, यांग म्हणजे सोनेरी केसांची ती अस्वलांच्या घरात शिरणारी पोर, पेनी म्हणजे लाकडाचा पिनोकिओ. सिंडरच्या नावापुढे तू नुसतं ‘राख’ लिहिलं होतंस. पिरा म्हणजे अकिलीस, हे आपल्याला बाण तिच्या टाचेत घुसायच्या आधीच कळलं होतं, आणि तरी ती मेली त्या २०१६च्या फेब्रुवारीतल्या रात्री आपण दोघंही जेवलो नाही. लायनहार्ट म्हणजे ‘ओझ’च्या गोष्टीतला भित्रा सिंह, तेव्हा तो ऐनवेळी कच खाणार, हेही आधी लिहून ठेवलं होतं आणि ते खरं ठरलं.

पण त्या जर्नलमधली सगळ्यात मोठी गोष्ट तू शोधलीस. पहाटे तीनला मला गदागदा हलवून उठवलंस. ‘ओझ’च्या गोष्टी लिहिणाऱ्या बॉमच्या १९०८च्या पुस्तकात ओझचा जादूगार आपलं पूर्ण नाव सांगतो: ऑस्कर झोरोअॅस्टर फॅड्रिग आयझॅक नॉर्मन हेंकल इमॅन्युएल अँब्रोइज डिग्ज. इंग्रजीतली पहिली पाच आद्याक्षरं तू एकाखाली एक लिहिलीस: ओ, झेड, पी, आय, एन. ऑझपिन! उरलेल्या चारांचं ‘हेड’ होतं. म्हणजे पहिली दोन सोडली तर बाकीचं नाव ‘पिनहेड’, टाचणीएवढ्या डोक्याचा, म्हणून तो बिचारा फक्त ‘ओझ’ लावायचा. २०१६च्याच शेवटी चौथ्या सीझनमध्ये शेतातला तो मुलगा आला आणि त्याचं नाव ऑस्कर पाइन निघालं. तुझा फोन आला तेव्हा तू ‘हॅलो’सुद्धा म्हणाला नव्हतास. "पहिलं नाव!" एवढंच ओरडलास.

आता माझं म्हणणं. ऑझपिनचं नाव जिथून आलं तिथं तू पोचलास, पण ओझ्मा हे नाव त्याही आधीच्या पुस्तकातलं आहे, १९०४च्या. त्यात टिप नावाचा मुलगा आहे, एका चेटकिणीकडे राबणारा. शेवटी कळतं की तो खरं म्हणजे ओझची हरवलेली राजकन्या ओझ्मा, तान्ही असताना मंत्राने मुलगा करून टाकलेली. ती मूळ रूपात येते तेव्हा जुन्या सोबत्यांना लाजत सांगते की मी तोच टिप आहे, फक्त... आणि पुढचा शब्द तिला सापडत नाही. तेव्हा भोपळ्याच्या डोक्याचा जॅक तिचं वाक्य पुरं करतो: फक्त तू वेगळी आहेस. मालिकेच्या लेखकांनी हे नाव उचललं तेव्हा हे दृश्य त्यांच्यासमोर असणारच. तोच, फक्त वेगळा. ऑस्करचं कोडं तिथंच मांडून ठेवलंय, आणि तिथं कुणी कुणाला गिळत नाही.

इथपर्यंत मी गेल्या वर्षीच आलो होतो. पण काकू गेल्यानंतर मी दुसरंच काही वाचत बसलो, आणि ते तुला कधी बोललो नाही.

१८६८ साली मेरी फ्रिअरने दख्खनच्या गोष्टींचं एक पुस्तक काढलं. तिचे वडील मुंबईचे गव्हर्नर. गोष्टी सांगणारी होती त्यांच्याकडची आया, अॅना लिबेराटा डिसोझा, आणि तिने त्या तिच्या आजीकडून ऐकलेल्या. त्यात सूर्याबाईची गोष्ट आहे. गवळणीची तान्ही पोर गरुड उचलून नेतात आणि झाडावर वाढवतात. मोठी झाल्यावर ती राजाची धाकटी राणी होते. थोरली तिला तळ्यात ढकलते. तिथं सोन्याचं सूर्यफूल उगवतं, राजा दिवसदिवस त्याच्याजवळ बसून राहतो. थोरली ते रानात नेऊन जाळायला लावते. राखेतून आंब्याचं झाड येतं, शेंड्याला एकच फळ. आणि एक दिवस एक गरीब गवळण त्या झाडाखाली विसावते, तेव्हा तो आंबा तिच्या दुधाच्या भांड्यात पडतो. घरी जाऊन बघते तर आंब्याच्या जागी इवलीशी बाई.

मंदार, ती गवळण म्हणजे तिची आईच.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. एवढे जन्म घेऊन पोरगी पडली ती आईच्या भांड्यात.

व्हिएतनाममध्ये अशीच गोष्ट आहे, ताम आणि कामची. तिला तिकडची सिंड्रेला म्हणतात. बूट आहे, राजा आहे, सावत्र आई आहे. पण तामची गोष्ट लग्नाशी संपत नाही. तिला मारतात. ती पिवळा पक्षी होते, पक्षी मारला की दोन झाडं होते, झाडं तोडून माग केला तर माग बोलायला लागतो, माग जाळला तर राखेतून थी नावाच्या सोनेरी फळाचं झाड येतं. त्यालाही एकच फळ. घमघमाट असा, की वाटेने जाणारी म्हातारी झोळी पसरून म्हणते: थी गं थी, आजीच्या झोळीत पड, आजी वास घेईल, आजी खाणार नाही. आणि फळ पडतं. म्हातारी ते उशाशी ठेवते. ती बाहेर गेली की फळातून ताम निघते, झाडलोट करते, रांधते. शेवटी राजा तिथं पाणी प्यायला थांबतो आणि विड्याच्या पानाची घडी बघून बायकोला ओळखतो. पक्ष्याच्या पंखासारखी ती घडी तिच्याशिवाय कुणी घालत नसे.

ते म्हातारीचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण मला काकू दिसत होत्या. सोलापूरला तुमच्याकडे आलो होतो त्या उन्हाळ्यात मंडईत त्या आढीतला एकेक आंबा उचलून देठाशी नाक नेत होत्या, डोळे मिटून. विकणारा म्हणाला, "मावशी, घ्या की आता." तरी दहाबारा हुंगून त्यांनी सहाच घेतले, आणि एक सगळ्यात चांगला बाजूला काढून देवापुढे ठेवला. संध्याकाळपर्यंत घरभर वास. तू मागितलास तर म्हणाल्या, "थांब रे, वास तरी घे आधी."

आता सेलमकडे येतो, ओझ्माचं जिच्यावर प्रेम होतं त्या अमर चेटकिणीकडे. २०१८च्या नोव्हेंबरात तो सगळा भूतकाळ दाखवला तेव्हा आपण आठवडाभर भांडलो होतो. तू म्हणायचास, परत आलेल्याला कुणी ओळखलं की जन्मांचा फेरा थांबतो असं म्हणशील तर सेलमने ओझ्माला ओळखलंच होतं. परक्या शरीरात, परक्या चेहऱ्याने तो तिच्या दारात आला आणि तिने त्याला घरात घेतलं. मग का नाही थांबला?

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज देतो. सेलमने ओळखलं आणि खाल्लं. तिला तो हवा होता तो तिच्या कामासाठी, लोकांचे देव होऊन राहण्यासाठी, माणसांच्या जागी आपली नवी प्रजा वसवण्यासाठी. प्रकाशाच्या देवानेही त्याला परत पाठवलं ते कामावर, चार दैवी वस्तूंचा हिशेब अंगावर घालून. आणि स्वतः ओझ्मा? तो दर जन्मी एका समविचारी माणसाच्या मनात उतरतो आणि त्याचे हातपाय वापरतो. ज्याने त्याने त्या फळाचा उपयोग केला. त्याला उशाशी ठेवून नुसता वास घेणारं कुणी भेटलंच नाही. सेलमला मारून तो फेरा सुटेल असं मला वाटत नाही. कुणी ऑस्करला ऑस्कर म्हणून जवळ ठेवलं आणि त्याच्यातल्या म्हाताऱ्याचा आदरही केला, तर सुटेल. रूबी ते करू शकते. नवव्या सीझनमध्ये ती त्या झाडात जाते, तिथली लोहारीण तिला विचारते की तुला कोण व्हायचंय. आईसारखी होता आलं असतं, दुसरी कुणीही होता आलं असतं, आणि ती स्वतःच राहायचं ठरवते. ज्याला हे जमलं, त्याच्याच झोळीत फळ पडतं. ही माझी थिअरी. २०२४मध्ये मूळ स्टुडिओ बंद पडला आणि मालिका व्हिझ मीडियाकडे गेली, त्यामुळे ती खरी की खोटी हे कधी दाखवतील ते दाखवोत. माझ्यापुरती ती पक्की आहे.

सिंडरबद्दल मात्र तुझी ‘राख’ मी पूर्ण करतो. ग्रिम बंधूंच्या गोष्टीत सिंड्रेला आईच्या थडग्यावर हेझलची फांदी लावते, रडून रडून तिला पाणी घालते, त्या झाडावरचा पांढरा पक्षी तिला कपडे देतो. नवव्या शतकातल्या चिनी गोष्टीत माशाची हाडं देतात. म्हणजे चुलीपाशी बसलेल्या पोरीसाठी कुणीतरी मेलेलं परत येतं, झाड होऊन, पक्षी होऊन. आपली सिंडर हॉटेलात फरशा पुसते, गळ्यात विजेचा पट्टा, आणि तिच्यासाठी कुणीच परत येत नाही. आई नाही, थडगं नाही, लावायला फांदी नाही. एक ऱ्होड्स नावाचा शिकारी येतो, तलवार देतो, आणि सात वर्षं सोस म्हणून सांगतो. ती पोर राखेतच राहिली, म्हणून सगळं जाळत सुटली. तामही शेवटी सावत्र बहिणीला उकळत्या पाण्याने मारतेच, तेव्हा सिंडरचा राग काही नव्याने घुसडलेला नाही. मला तिची फार दया येते, पिराला मारल्यावरही.

आता बाळ.

आत्यांना बोलू नकोस. त्यांना त्यांच्या वहिनीचा वास येतोय, येऊ दे. मलाही तो फोटो बघून क्षणभर काकूच वाटल्या, मुडपलेल्या ओठांमुळे. पण नाव दुसरं ठेव. हे मी अगदी स्पष्ट सांगतो, कारण तुला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवंय. तिला आईचं नाव दिलंस तर तिच्या प्रत्येक वागण्याची गाठ लोक काकूंशी मारतील, आणि ती वेगळी वागली की तुलाच आत कुठंतरी तुटेल. काकूंना जाऊन वर्षसुद्धा झालेलं नाही. त्यांच्यासाठी तुला रडायचं राहिलंय, आणि ते तू त्या पोरीकडून करवून घेऊ नयेस. काकूंचं नाव हवंच असेल तर दाराशी आंबा लाव. कलम मी देतो, त्यांच्याच सहा आंब्यांतली एक कोय मी आणली होती. तिचं रोप आमच्या मागच्या अंगणात पुरुषभर झालंय, आणि यंदा त्याला पहिला मोहोर आला होता. फळ धरलं नाही, पण दोन झाडं होण्याइतकी कलमं त्यातून निघतील असं माळी म्हणाला.

बारशाला मी आदल्या दिवशीच येतोय, रात्रीच्या गाडीने. कलम गोणपाटात बांधून आणतो, स्टेशनवर येताना गाडीत मागे जागा ठेव. ती जर्नलही आणतोय, पानं सुटी झालीत पण तुझं अक्षर शाबूत आहे. नाव काय ठरलं ते मला आधी सांगू नकोस. तुझी बहीण पाळण्यात वाकून कानात सांगेल तेव्हाच ऐकेन.

तुझा,
सुहास