जनुकीय अहवाल विम्याच्या आड नको

मा. संपादक,

माझ्या नात्यातील एका महिलेच्या आईला आणि मावशीलाही स्तनाचा कर्करोग झाला होता. डॉक्टरांनी तिला बीआरसीए जनुकांची (ज्यांतील दोषामुळे या कर्करोगाचा धोका वाढतो) तपासणी सुचवली, तेव्हा तिने आधी विमा एजंटाला विचारले. ‘पॉलिसी अगोदर काढा, तपासणी मागाहून बघू,’ हे त्याचे उत्तर. सल्ला व्यवहारी होता आणि चिंतेची बाब नेमकी तीच आहे. दोष वेळीच कळला तर नियमित एमआरआयने आजार लवकर पकडता येतो किंवा शस्त्रक्रियेने धोका कमी करता येतो, पण हप्ता वाढेल वा प्रस्ताव फेटाळला जाईल या धास्तीने माणसे तपासणीच टाळतात.

दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये आरोग्य विम्यातून ‘जनुकीय विकार’ सरसकट वगळणारे कलम भेदभावाचे ठरवले आणि पुढच्याच महिन्यात विमा नियामक प्राधिकरणाने या सबबीवर दावे नाकारू नयेत, असे कंपन्यांना बजावले. मात्र हा दिलासा आजार जडलेल्यांपुरता आहे. ज्याच्या अहवालात नुसती शक्यता नोंदलेली आहे, अशा धडधाकट माणसाला आयुर्विमा काढताना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेचा जनुकीय भेदभावाविरुद्धचा २००८ चा कायदाही आयुर्विम्याला लागू नाही. कॅनडाने मात्र २०१७ मध्ये असा अहवाल मागण्यालाच मनाई केली.

माहिती दडवून लोक मोठ्या रकमेचे विमे उतरवतील, हा कंपन्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. ब्रिटनने त्यावर काढलेला तोडगा विचारात घेण्याजोगा आहे : तेथे पाच लाख पौंडांहून मोठ्या आयुर्विम्यासाठी, तेही केवळ हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकारापुरता, भाकित-चाचणीचा (पुढे आजार होण्याची शक्यता सांगणाऱ्या चाचणीचा) अहवाल विचारता येतो. शिवाय आईवडील व भावंडांचे आजार, मृत्यूसमयीचे वय आणि कारण विचारणारा रकाना आपल्याकडील प्रस्ताव अर्जात असतोच; म्हणजे जनुकीय अहवालाविनाही कंपनीला धोक्याचा अंदाज येतो.

चाचणीचा अहवाल माणसावर कसा उलटतो, हे गोव्याला सांगायला नको. पर्रा येथील डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याला एचआयव्हीची लागण असल्याचे कळताच १९८९ मध्ये ६४ दिवस डांबून ठेवण्यात आले. एचआयव्हीबाधितांना विम्यात दुजाभाव करण्यास, विमागणिती (जोखमीच्या आकडेवारीवरील) अभ्यासाचा आधार असल्याखेरीज, मनाई करणारा कायदा यायला २०१७ साल उजाडले. विमा हा केंद्राचा विषय असल्याने गोव्याच्या खासदारांनी जनुकीय अहवालांचा प्रश्न संसदेत मांडावा आणि कायदा होईतो प्राधिकरणाने निदान प्रस्ताव अर्जात अशा चाचण्यांविषयी विचारण्यास बंदी करावी.

– एक विमाधारक, म्हापसा