बाबा, नुसती शुगर बघू नका

प्रिय आई-बाबा,

फोनवर डायबेटीस आणि हार्टचा विषय काढला की बाबा लगेच आंब्याच्या मोहोरावर जातात, म्हणून लिहून पाठवतोय, आई तू मोठ्याने वाचून दाखव.

बाबा, शुगर आटोक्यात आली ह्याचा खरंच आनंद झाला. पण म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद केलीत हे मला अजिबात पटलेलं नाही. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला तो त्या गोळीमुळेच आला ना! अमेरिकेत 1990 ते 2010 मध्ये डायबेटीसवाल्यांमधलं हार्ट अटॅकचं प्रमाण जवळजवळ 68 टक्क्यांनी खाली आलं, स्ट्रोकचं निम्म्याहून कमी झालं, आणि ते काही एकट्या शुगरच्या गोळीने नाही, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगरेट सगळंच आटोक्यात ठेवलं म्हणून. तरी तिथली हॉस्पिटलं रिकामी झाली नाहीत, कारण तेवढ्याच काळात डायबेटीसचे पेशंटच तिप्पट झाले. आपल्याकडे तर आता दहा कोटींच्या वर आहेत.

मला जास्त काळजी हार्ट फेल्युअरची वाटते. त्यात हार्ट एकदम बंद पडत नाही, पंपिंग हळूहळू कमी पडतं आणि अंगात पाणी साठायला लागतं. आई म्हणाली की पाखाडी चढताना तुम्ही आता मध्येच गडग्यावर टेकता आणि संध्याकाळी पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ उठतो, ते वयामुळे म्हणून सोडून देऊ नका, दाखवायलाच हवं. रोज सकाळी वजन करा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं, लगेच डॉक्टरांना फोन करा. आणि तो खारा बांगडा आणि खारातली मिरची रोज पेजेबरोबर नको हो, मीठ पाणी धरून ठेवतं.

आई, हे तुलाही आहे, तुझी पण शुगर आहेच. डायबेटीसमध्ये नसा बधिर होतात त्यामुळे अटॅक आला तरी कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसता घाम, मळमळ, दम, अंगातलं त्राण गेल्यासारखं. तू ‘पित्त झालंय’ म्हणून कोकमाचं सरबत घेऊन पडून राहशील हे मला माहितीये. तसं करायचं नाही, शेजारून कोणाला तरी हाक मार आणि 108 ला फोन कर, रात्र असली तरी.

एम्पाग्लिफ्लोझिन नावाची शुगरचीच गोळी आहे, 2015 च्या मोठ्या अभ्यासात तिच्यामुळे हार्ट फेल्युअरसाठी अ‍ॅडमिट व्हायचं प्रमाण 35 टक्क्यांनी कमी झालं होतं. पूर्वी महाग होती, 2025 मध्ये पेटंट संपल्यावर पुष्कळ स्वस्त झाली. पण मेडिकलमधून परस्पर आणू नका, किडनीचा रिपोर्ट बघून तुम्हाला चालेल का ते डॉक्टरच ठरवतील.

शुक्रवारी रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने निघतोय. शनिवारी रत्नागिरीला जाऊन दोघांचा ईसीजी आणि टू-डी इको (हार्टची सोनोग्राफी) करून घेऊ, जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून ठेवा, बंद केलेलीसुद्धा.

तुमचा,
बाळा